नंबरावर कोण टेकलंय

अधारताल, जबलपूर
१२ फेब्रुवारी २००१

सरोजिनीताई,

'सा. न. वि. वि.' लिहायला हात आपोआप गेला होता. खोडून टाकलं. तुला नमस्कार घालायची आज माझी इच्छा नाही, आणि उद्या होईल असंही वाटत नाही.

अधारतालहून राइट टाउन म्हणजे काही परमुलूख नाही, ऑटोने येऊन तोंडावर बोलता आलं असतं. पण समोर आलं की तू रडतेस, आणि फोनवर असलं की दुसऱ्याला बोलू देत नाहीस. पत्र तुला नुसतं वाचावं लागेल, म्हणून लिहितेय.

परवा आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बेबीताई आल्या होत्या. कांचघरच्या, श्रीरंगच्या आत्या. त्यांचा फोन आठवडाभर मुका पडला होता, त्याची तक्रार घेऊन. मला साहेबाच्या खुर्चीत बसलेली बघून आधी चष्मा पुसला, मग म्हणाल्या, "अगबाई, तू सरोजिनीची विनता ना? लग्न नाहीच केलं ना शेवटी? आम्ही किती मागे लागून राहिलो होतो बेटा. श्रीरंगसाठी मी स्वतः दोनदा फोन केला, तुमच्याच घरच्या नंबरावर. तुझी ताई बोलली, तिला करायचंच नाही, तुम्ही उगीच वाट नका पाहू. हमें तो बहुत बुरा लगा था, सच में."

मी त्यांना चहा पाजला, त्यांची लाइन सुरू करून दिली आणि ऑटोत बसवून दिलं. मग परत येऊन खुर्चीत बसले, तर मला समोरच्या पडद्यावरची अक्षरं दिसेनात.

श्रीरंग तुला आठवतो ना? न आठवून कसं चालेल! मंडळाच्या गणपतीत नाटक बसवलं होतं, तो पेटीवर आणि मी प्रॉम्प्टर. तालमीनंतर तो मला विचारायचा, एवढ्या मोठ्या गावात फोन बरोबर माणसाच्या घरी कसा काय पोचतो. मी तासभर समजावायचे आणि तो तासभर न समजल्यासारखं करायचा. विसर्जनाच्या दिवशी म्हणाला, "घरचे फोन करतील तुमच्याकडे." ताई, त्या फोनसाठी मी सुट्टीच्या दिवशी नाहायला जातानासुद्धा मोरीचं दार किलकिलं ठेवत होते. फोन आला नाही. मला वाटलं, याचं मन फिरलं. पुढे तो रस्त्यात दिसला तर मी मान फिरवली. त्यानेही फिरवली. त्याला वाटत होतं मी नाही म्हटलंय, मला वाटत होतं त्याने नाही म्हटलंय, आणि नाही म्हणणारी राइट टाउनला बसून दुसऱ्यांची लग्नं जुळवत होती.

आता त्याला दोन मुलं आहेत. मला तो नकोय. पण तो फोन माझा होता, आणि तो तू घेतलास.

बेबीताईंचा फोन आला त्या दुपारी तू आमच्याकडे आली असशील आणि पटकन उचलला असशील, असं मी धरून चाललेय. दोन्ही वेळा आली असशील. केसाने गळा कापावा तो घरच्यांनीच, बाहेरच्याला एवढी नेमकी वेळ कुठून सापडणार?

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं वय झालंय.

विनता


अधारताल
२० फेब्रुवारी २००१

ताई,

पत्राला उत्तर म्हणून तू भाऊजींच्या हाती बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवलास. धन्य आहे तुझी. भाऊजी चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "सरोज म्हणते, जे केलं ते घरासाठी केलं. पटत नसेल तर आईला विचार, म्हणे." एवढं पाठ केलेलं बोलून स्कूटरला किक मारून गेले बिचारे. लाडू आईने खाल्ले. मी हात लावला नाही.

आईला यात ओढू नकोस. तिला ऐकू येत नाही, ती दिवसभर घरात एकटी असते, आणि तुझं पाप तिच्या पदराला पुसायची तुझी सवय जुनी आहे.

आता मी काय करणार आहे ते ऐक.

आमचं जुनं मशीन बदलतंय. नव्या मशीनवर जायच्या आधी जुन्यातल्या मेलेल्या नोंदी काढून टाकायचं काम माझ्याकडे आहे. मशीनच्या लेखी माणूस म्हणजे एक नोंद: हा नंबर, ही तार, याला बाहेरगावी बोलता येतं की नाही, आणि याच्याकडे कोणी उचललं नाही तर घंटी पुढे कुठे वळवायची. ती नोंद काढली की तार जागेवर असते, टेबलावर तुझा तो क्रोशाचा रुमाल घातलेला फोनही असतो, पण फोन करणाऱ्याला आमची टेपवरची बाई गोड आवाजात सांगते, 'यह नंबर मौजूद नहीं है.' बंद आहे असं नाही म्हणत ती. खराब आहे असंही नाही. मौजूदच नाही म्हणते.

तुझं 'मंगलयोग वधू-वर केंद्र' काय आहे? एक टेबल आणि एक नंबर. अमरावती, वर्धा, नागपूर, बालाघाट, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे लग्नाच्या मुलीच्या बापाला तुझा नंबर तोंडपाठ. तो नंबर गेला की तू राइट टाउनमधली एक जाडी बाई उरतेस, बस.

मला हे शिकवलं ते आमच्या एक्सचेंजच्या बापूसाहेबांनी. ते रिटायर होताना म्हणाले होते, "विनताबाई, नंबर काढायच्या आधी मशीनला विचारायचं, ह्या नंबरावर कोण टेकलंय? खांब काढायचा तर आधी छपराला विचारावं." तशी कमांडच आहे. दुसऱ्या कोणाचे कॉल त्या नंबराकडे वळवलेले असतील, तर मशीन तसं सांगतं आणि काढू देत नाही. कोणी टेकलेलं नसेल तर ते फक्त विचारतं, 'नक्की?' आणि हो किंवा नाहीची वाट बघत बसतं. लोखंडाच्या कपाटाला एवढी रीत कळते ताई. माझी नोंद काढताना तू 'नक्की?' म्हणून विचारलंस मला?

नोकरी जाईल म्हणतेस? शेकडो मेलेल्या नोंदींत एक जिवंत गेली तर चूक म्हणतात, गुन्हा नाही. आणि गेली नोकरी तर गेली. असंही छत्तीसगड वेगळं झाल्यापासून आमच्याकडे 'रायपूरला कोण जाणार' असा कागद फिरतोय आणि सगळे उंदरासारखे पळतायत. मीही 'आई आहे' लिहून परत केला. आई आहे हे माझं सगळ्यांना द्यायचं उत्तर झालंय.

तुला एकच वाट ठेवतेय. चार मार्चला तुझा मेळावा आहे. तिथे माइक तुझ्याच हातात असतो. सगळ्यांसमोर सांग, की श्रीरंगच्या घरून विनतासाठी फोन आला होता आणि विनताला न विचारता मी नाही सांगितलं. कारण सांगू नकोस, रडू नकोस. एवढं एक वाक्य बोललीस तर तुझा नंबर तुला लखलाभ. नाही बोललीस तर मेळाव्यानंतरच्या आठवड्यात, जेव्हा सगळ्या विदर्भातून फोन येतात तेव्हाच, आमची बाई तुझ्या वतीने बोलेल.

विनता


अधारताल
४ मार्च २००१, संध्याकाळ

ताई,

आत्ताच मेळाव्यातून आले. शाल अजून अंगावर आहे, रागाच्या भरात काढायचीच राहिली.

तू माइक हातात घेतलास आणि माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मला खरंच वाटलं, बोलते आता ही. तुझ्याबद्दल एकदम माया दाटून आली, खोटं कशाला सांगू. आणि तू म्हणालीस, "आज आपण एका मुलीचा सत्कार करणार आहोत. आईच्या सेवेसाठी जिने स्वतःच्या लग्नाचा विचारसुद्धा मनात आणला नाही, अशी माझी धाकटी बहीण विनता!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी मला धरून स्टेजवर चढवलं. शाल, नारळ, कुंकू. पहिल्या रांगेत बेबीताई डोळे पुसत होत्या. त्यांच्या शेजारी श्रीरंग बसला होता, आपल्या भाचीला घेऊन आला होता. तोही टाळ्या वाजवत होता गं! मी नारळ हातात घेऊन उभी, आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "झालं ना आता? बस कर, चलो, हस थोडं."

फोटोत मी हसतेय. तो फोटो तुझ्या केंद्राच्या भिंतीवर लागेल.

एका फोनवर सांगितलेलं खोटं तू आज भरल्या सभेत खरं करून टाकलंस. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे. नारळ देवापुढे ठेवला नाही. तुझा नंबर गेला की फोडीन.

विनता


जबलपूर
७ मार्च २००१

ताई,

तुझा फोन चालू आहे हे बघून तुला वाटलं असेल, विनता घाबरली. वाच.

सोमवारी सकाळी हॉलमध्ये मी एकटीच होते. तुझा नंबर टाकला. बापूसाहेबांची सवय म्हणून आधी विचारलं, ह्या नंबरावर कोण टेकलंय? मला वाटलं, कोण असणार.

मशीनने एक नंबर दाखवला. आमचा. अधारतालच्या घरचा. आमच्या घरी कोणी फोन उचलला नाही तर घंटी तुझ्याकडे वळते, अशी नोंद आहे. आजची नाही, कितीतरी वर्षांपूर्वीची.

आधी वाटलं, मशीनचं डोकं फिरलंय. मग आठवलं. मामा गेले तेव्हा आम्ही दोघी नागपूरला निघालो होतो आणि मीच आईला शिकवलं होतं, स्टारची कळ कशी दाबायची, मग कोणते आकडे, मग तुझा नंबर. घरच्या फोनला ती सोय मीच हौसेने दिली होती. आईला एकदा शिकवलं की ती विसरत नाही, लोणच्यातल्या मोहरीचं मापसुद्धा ती कधी विसरली नाही.

आणि एक घंटी, ताई! एक घंटी!

मी ऑफिसातून घरी फोन करायचा तर आधी एक घंटी देऊन कापायची, मग पुन्हा लावायचा, हे आईनेच ठरवलं होतं. "मी एकटी असते ना बेटा, ऐकू कमी येतं, कोण कोण फोन करून राहतं. तुझी खूण असली तर मी उचलीन." मला किती कौतुक वाटायचं. डॉक्टर जाडे चष्मे देतात तशी मी आईला ती खूण देत होते. म्हणजे माझा फोन असला तर आई उचलायची, आणि मी घरी नसताना आलेला बाकी प्रत्येक फोन वाजून वाजून तुझ्याकडे जायचा. बेबीताईंचा दोन्ही वेळेला तिथेच गेला. तू आमच्या घरी आलीच नव्हतीस. तुला यायची गरजच नव्हती.

मी रजा टाकली आणि बाहेर पडले. घराच्या कोपऱ्यावर जो पी.सी.ओ. आहे तिथून घरी फोन लावला, खूण न देता. काचेतून आपली खिडकी दिसते. आई खिडकीत तांदूळ निवडत बसली होती. घंटी वाजत राहिली. तिने मान वर केली, फोनकडे बघितलं, आणि पुन्हा ताटात खडे शोधायला लागली. ताई, तिला घंटी ऐकू येत होती!

मग तुझा 'हॅलो' आला, आणि मी आवाज बदलून 'विनताचं घर ना?' विचारलं. "हां, बोला, मी विनताच्या घरून बोलतेय."

विनताच्या घरून. मी फोन ठेवला. मध्येच ठेवलेला तो फोन माझा होता, कळावं म्हणून सांगतेय.

घरी गेले आणि आईसमोर खाली बसले. विचारलं, "आई, काहून केलंस असं?" तिने कसलं म्हणून विचारलंसुद्धा नाही. तांदळात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू गेली असतीस तर मी कुठे जात होती? सरू बोलली, 'आमच्याकडे दोनच खोल्या, तुझं नाही जमणार आई. विनूला घरातच राहू दे, मी सांभाळून घेते, तू फक्त फोन उचलू नको.' मी तर काही बोलली नाही बेटा कोणाला. मी फक्त उचलला नाही."

मी म्हटलं, "श्रीरंग मला आवडायचा, आई."

"मालूम होतं," ती म्हणाली. "तू मोरीचं दार उघडं ठेवत होतीस ना."

मला आईचा राग येतोय ताई, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाहीये. तिने वरण केलं होतं, मी जेवले. चव बरोबर होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ही माझी आई आहे, आणि हिने माझं दार बाहेरून लावून घेतलं, आणि वर मलाच रोज विचारलं, विनू, आज भाजी काय करू.

तुझा राग मात्र जिथे होता तिथेच आहे, उलट मुरलाय. आई घाबरली होती. तू घाबरली नव्हतीस. तुझ्या दोन खोल्यांत तिसरं माणूस नको म्हणून तू माझं आयुष्य काढून टाकलंस, आणि त्या खोल्यांत बसून लोकांच्या पोरींना सांगतेस, वेळेवर लग्न करा, वय थांबत नाही.

तुझी नोंद काढायची असेल तर मशीन म्हणतं, आधी आईची वळवलेली घंटी काढ. मी मंगळवारी ती काढली. आता आमच्या घरचा फोन वाजला तर आमच्याच घरी वाजतो.

मग पुन्हा तुझा नंबर टाकला. आता कोणी टेकलेलं नव्हतं. मशीनने विचारलं, 'नक्की?'

मी 'नाही' दाबलं. तुझ्यावर दया आली म्हणून नाही. तुझा नंबर मला चालू हवाय. कशासाठी ते कळेल.

नारळ फोडलेला नाही.

विनता


जबलपूर स्टेशन
२ मे २००१

ताई,

हे पत्र भाऊजींच्या हातात दिलंय. सोबत ऑटोत आई आहे, तिची पेटी आहे, देवघरातला अन्नपूर्णेचा टाक आहे, आणि तुझी शाल आहे. नारळही पिशवीत आहे. फोड आणि आईला खोबऱ्याची चटणी करून घाल, तिला लसूण जास्त लागतो.

रायपूरचा कागद मी पुन्हा मागून घेतला आणि त्यावर 'हो' लिहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, सोच लीजिए, माँजी हैं." मी म्हटलं, "माँजी बड़ी बेटी के पास रहेंगी." किती सोपं वाक्य होतं! एवढी वर्षं ते कोणाच्या तोंडात आलं नाही.

सत्काराच्या फोटोखाली आता तुझं नाव लिही. आईच्या सेवेसाठी वगैरे. सगळ्या विदर्भाला तू सांगितलंस आईची सेवा केवढी मोठी गोष्ट आहे, आता तुला मागे फिरता येणार नाही. मुलं बघायला येणारी माणसं तुझ्या बाहेरच्या खोलीत बसतील तेव्हा आईची खाट तिथेच असेल, कारण दुसरी जागा नाही. ती त्यांना हटकून विचारेल, "विनूसाठी आलात का?" ती हल्ली तसं विचारते. मार्चपासून.

अधारतालचं भाड्याचं घर मी सोडलं. फोन बंद करायचा अर्ज रीतसर दिला, आणि तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. काल शेवटच्या ड्यूटीला आमच्या घराची नोंद मी स्वतः काढली. आधी बापूसाहेबांची कमांड दिली, ह्या नंबरावर कोण टेकलंय? मशीनने लगेच सांगितलं, कोणी नाही. मी उगाच पुन्हा एकदा विचारलं. कोणी नाही. मग त्याने विचारलं, 'नक्की?' आणि मी 'हो' दाबलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही, आत्ता लिहिताना येतंय.

रायपूरचा नंबर मी तुला देणार नाही. आईलाही दिलेला नाही. निघताना तिने माझा हात धरून विचारलं, "पोचल्यावर एक घंटी देशील ना बेटा?" मी तिचा पदर सारखा केला आणि तिला ऑटोत चढवलं.

तुझा सोडला तर तिला एकच नंबर पाठ आहे, अधारतालचा. ती दुपारी तू झोपलेली असताना तुझ्या फोनवरून तो लावेल. आधी एक घंटी देऊन कापायला जाईल, मग पुन्हा लावेल, आणि पलीकडे बाई बोलायला लागली की तिला वाटेल मीच बोलतेय. तिला ऐकू येतं ताई, पण त्या बाईची हिंदी भराभर असते, तिला उमगणार नाही. ती तुला उठवेल आणि विचारेल, "सरू, विनू काय म्हणून राहिली?"

तेव्हा रिसीव्हर तिच्या हातातून घे आणि तिला सांग, विनता नाहीये. तुला ते चांगलं जमतं.

विनता